कुंडीतील जास्वंदीची माती

भारताच्या बहुतेक सर्व भागांत घराच्या अंगणात हमखास आढळणारे एखादे फुलझाड सांगावयाचे झाल्यास जास्वंदीचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. हिंदीत तिला गुडहल म्हणतात, बंगालीत ती जबा आहे, तेलुगूत मंदार आणि कन्नडमध्ये दासवाळ. बंगालमध्ये कालीच्या पूजेला आणि महाराष्ट्रात गणपतीला तांबडी जास्वंद लागते. केरळात तिच्या पानांचा चीक केस धुण्यासाठी वापरण्याची जुनी प्रथा आहे. लिनीअसने १७५३ साली तिला दिलेल्या शास्त्रीय नावात 'चीनचा गुलाब' असा अर्थ दडलेला आहे. तथापि रानटी अवस्थेतील जास्वंद चीनमध्ये अथवा अन्यत्र निश्चितपणे आढळलेली नाही. फार प्राचीन काळापासून माणसाच्या सोबतीने ती उष्ण प्रदेशांत पसरली. मलेशियाने १९६० साली तिला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला.

जमिनीत लावलेली जास्वंद फारशी निगा मागत नाही. कुंपणाच्या कडेला, विहिरीच्या काठी, देवळाच्या आवारात ती वर्षानुवर्षे फुलत राहते. मात्र तिचीच फांदी आणून कुंडीत लावली, की पुष्कळदा निराळाच अनुभव येतो. पहिले वर्ष बरे जाते. दुसऱ्या वर्षी पाने लहान निघू लागतात, कळ्या उमलण्यापूर्वीच गळतात, शेंड्याची पाने पिवळी पडतात, आणि एखाद्या पावसाळ्यात झुडूप अकस्मात माना टाकते. खत कमी पडले असे समजून मालक खत वाढवतो; पाणी कमी पडले असे समजून दिवसातून दोनदा पाणी घालतो. बहुतेक वेळा दोष या दोहोंपैकी कशातच नसून कुंडीतल्या मातीत असतो. शहरांतील घरे जसजशी अंगणाऐवजी सज्जा आणि गच्चीपुरती उरली आहेत, तसतसा हा प्रश्न अधिकाधिक कुटुंबांचा होऊ लागला आहे.

जास्वंदीच्या बाबतीत मातीचे महत्त्व विशेष का, हे तिच्या फुलण्याच्या पद्धतीवरून कळते. तिचे फूल सामान्यतः एकच दिवस टिकते. सकाळी उमलते आणि संध्याकाळपर्यंत मिटून जाते. झाड रोज फुललेले दिसते ते रोज नवी कळी तयार होते म्हणून, आणि ही कळी नव्या वाढीवरील पानांच्या बगलेत येते. म्हणजेच शेंड्याची वाढ थांबली की फुलणेही थांबते. अशा अखंड वाढीसाठी मुळांना सतत काम करावे लागते, आणि काम करण्यासाठी मुळांना प्राणवायू लागतो. पाने हवेतून प्राणवायू घेतात हे सर्वांना ठाऊक असते. मुळेही श्वसन करतात आणि मातीच्या कणांमधील पोकळ्यांतील हवेवर ती जगतात, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही. या पोकळ्या पाण्याने भरल्या, तर प्राणवायूला पाण्यातून वाट काढावी लागते. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग सुमारे दहा हजार पटींनी कमी आहे. परिणामी मुळे गुदमरतात, मऊ पडतात व त्यांत बुरशी शिरते. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून झाड पाण्यात उभे असूनही तहानेल्यासारखे कोमेजते, आणि ते कोमेजलेले पाहून आपण आणखी पाणी घालतो.

कुंडी म्हणजे जमिनीचा तुकडा नव्हे

बागेतील उत्तम माती कुंडीत भरली म्हणजे काम झाले, असा समज फार रूढ आहे. वस्तुतः तीच माती कुंडीत गेल्यावर निराळ्या रीतीने वागते. जमिनीत पडलेले पाणी खाली खाली ओढले जाते, कारण मातीचा सलग स्तंभ कित्येक मीटर खोल असतो. कुंडीत हा स्तंभ एक वीतभर किंवा फार तर हातभर उंचीचा असतो आणि तळाशी एकदम संपतो. तळाच्या छिद्राखाली हवा आहे. मातीच्या बारीक पोकळ्या पाण्याला केशाकर्षणाने धरून ठेवतात, आणि खालून ओढणारे काही नसल्यामुळे तळाशी पाण्याने पूर्ण भरलेला एक थर शिल्लक राहतो. छिद्र कितीही मोठे केले तरी तो थर नाहीसा होत नाही.

घरच्या घरी याची प्रचीती घेता येते. पाण्यात बुडवलेला जाडसर स्पंजचा आयताकृती तुकडा तळहातावर आडवा धरावा. थोडे पाणी ठिबकेल आणि थांबेल. आता तोच तुकडा लांब बाजूने उभा धरावा. लगेच पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच आहे, पाणी तेच आहे. बदलली ती केवळ उंची. मातीच्या प्रकाराप्रमाणे तळाशी राहणाऱ्या ओल्या थराची जाडी ठरते, आणि कुंडी उंच असो वा बुटकी, ती जाडी जवळजवळ तेवढीच राहते. समजा, एखाद्या मिश्रणात हा थर ५ सेंटिमीटरचा आहे. १० सेंटिमीटर खोल पसरट भांड्यात निम्मी माती चिखल होईल. ३० सेंटिमीटर खोल कुंडीत केवळ सहावा हिस्सा. म्हणून जास्वंदीसाठी पसरट, उथळ कुंड्या निवडू नयेत, मग त्या कितीही शोभिवंत असोत.

यावरूनच कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याच्या प्रथेचाही विचार करता येतो. ही प्रथा आपल्याकडील माळ्यांमध्ये तर आहेच, पण बागकामावरील कित्येक पुस्तकांतही तिची शिफारस आढळते. हेतू निचऱ्याचा असतो. घडते ते उलट. बारीक पोकळ्यांच्या मातीतून पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते तिथेच अडून राहते. त्यामुळे कुंडीच्या तळाशी असणारा चिखलाचा थर खडीच्या वर, म्हणजे नेमका मुळांच्या वस्तीत येऊन बसतो, आणि कुंडीची उपयोगी खोली तेवढी कमी होते. छिद्रावर एक खापराचा तुकडा, फुगीर बाजू वर करून ठेवावा. माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता तो पुरेसा आहे. खडी टाकावयाची हौसच असेल, तर ती मातीत मिसळावी.

मुख्य गोष्ट अशी, की कुंडीतील मातीची पारख ती किती 'कसदार' आहे यावरून न करता पाणी निथळल्यानंतर तिच्यात किती हवा शिल्लक राहते यावरून करावयास हवी. कस बाहेरून घालता येतो. हवा मात्र मातीच्या घडणीतच असावी लागते.

ही गोष्ट शास्त्रीय पद्धतीने मांडली जाण्यास विसावे शतक उजाडावे लागले. इंग्लंडमध्ये लंडनजवळील मर्टन येथे जॉन इनेस उद्यानविद्या संस्थेत लॉरेन्स आणि न्यूएल या संशोधकांनी १९३० नंतरच्या दशकात कुंड्यांसाठी प्रमाणित मिश्रण तयार केले. तोपर्यंत प्रत्येक माळ्याची प्रत्येक झाडासाठी गुप्त कृती असे. लॉरेन्स व न्यूएल यांनी दाखवून दिले, की वाफेने निर्जंतुक केलेली पोयट्याची माती ७ भाग, पीट ३ भाग आणि जाड वाळू २ भाग हे एकच मिश्रण बहुतेक झाडांना चालते. पुढे १९५७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने बारीक वाळू आणि पीट यांच्यापासून, मातीचा लवलेश नसलेली मिश्रणे प्रसिद्ध केली. पीट म्हणजे थंड दलदलींत हजारो वर्षे साचलेला शेवाळाचा अर्धवट कुजलेला थर. हा पदार्थ आपल्या हवामानाचा नव्हे. आपल्याकडे तो बहुधा आयात करावा लागतो आणि महागही पडतो. परदेशी पुस्तकांतील कृती जशीच्या तशी उचलण्यात म्हणूनच अर्थ नाही. पीटचे काम करणारा पदार्थ आपल्याकडे विपुल आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

प्रांतोप्रांतीची माती

कुंडीच्या मिश्रणाचा आधार स्थानिक माती हाच असतो, आणि आपल्या देशात ती शंभर कोसांवर बदलते. गंगेच्या खोऱ्यातील गाळाची माती सुपीक, पण तिचे कण अतिशय बारीक. कुंडीत पाच-सहा महिने पाणी घातल्यावर ती खाली बसून घट्ट होते व पृष्ठभागावर पापुद्रा धरते. बंगळूर परिसरातील तांबडी माती कुंड्यांसाठी चांगली मानली जाते, आणि तिचा लौकिक रास्त आहे. तिच्यातील लोहाच्या संयुगांमुळे कण एकमेकांस चिकटून रवाळ बनतात व त्यांच्यामधून हवा खेळते. याच शहराजवळ हेसरघट्टा येथे असलेल्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने जास्वंदीचे अनेक संकरित वाण तयार केले आहेत. कोकण, गोवा व केरळ येथील जांभी माती निचऱ्याची असली तरी पावसाने धुऊन निघालेली, आम्लधर्मी व अन्नद्रव्यांच्या बाबतीत गरीब असते. तिला सेंद्रिय खताची जोड दिल्यास जास्वंद उत्तम येते.

दख्खनच्या पठारावरील काळी माती हे सर्वांत अवघड प्रकरण आहे. कपाशीला वरदान ठरणारी ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी कडेच्या फटीतून थेट तळाशी जाते व मधला गोळा कोरडाच राहतो. तिच्यात थोडी वाळू घातली म्हणजे ती भुसभुशीत होते, असा सर्वत्र समज आहे. प्रत्यक्षात वाळू थोडी असेल तर वाळूचे कण एकमेकांना टेकत नाहीत. त्यांच्यामधील जागा चिकणमातीने भरून जाते आणि वाळल्यावर विटेसारखा कठीण गोळा तयार होतो. वाळू निम्म्याहून अधिक असेल तरच फरक पडतो. सोलापूर, नागपूर किंवा इंदूरच्या रहिवाशाने काळी माती कुंडीत एक पंचमांशाहून अधिक घेऊ नये, आणि शक्य तर मुरमाड तांबडी माती मिळवावी.

हाती आलेली माती कशी आहे हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती व बाकी पाणी घालून ती जोरात हलवावी आणि दिवसभर ठेवून द्यावी. वाळू प्रथम तळाशी बसते, तिच्यावर पोयटा, सर्वांत वर चिकणमातीचा गुळगुळीत थर. हा वरचा थर जेवढा जाड, तेवढी ती माती कुंडीसाठी अयोग्य. मातीच्या कोरड्या ढेकळावर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर मातीत चुनखडी आहे. अशी माती जास्वंदीसाठी घेऊच नये; चुनखडी वेगळी काढणे घरगुती उपायांच्या आटोक्यातले नाही.

मिश्रणातील इतर द्रव्ये

पोत मोकळा ठेवणाऱ्या द्रव्यांमध्ये नदीची जाड वाळू परंपरेने पहिली येते. बांधकामाची बारीक वाळू चालत नाही, समुद्रकाठची वाळू तर क्षारांमुळे मुळीच नको. तथापि नदीच्या वाळूचा बेसुमार उपसा हा आज देशापुढील गंभीर प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली लहान वाळूपट्ट्यांच्या उपशालाही पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक ठरवली, तरी चोरटा उपसा पूर्णपणे थांबलेला नाही. कुंडीभर वाळूने नदी आटत नाही हे खरे. परंतु पर्याय सहज उपलब्ध असताना वाळूचा आग्रह धरण्याचे कारण नाही. भाजलेल्या विटांचे ३ ते ६ मिलिमीटर आकाराचे तुकडे वाळूपेक्षा सरस ठरतात. ते सच्छिद्र असल्याने स्वतःच्या पोटात थोडे पाणी धरतात आणि भोवती हवा राहू देतात. मात्र चाळून खालची भुकटी टाकून द्यावी. ही भुकटीच पोकळ्या बुजवते. भाताच्या गिरणीतून मिळणारे करपवलेले तूसही हलके व उपयुक्त आहे. गच्चीवरील बागेत हलकेपणाला महत्त्व आहे, कारण ३० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत सुमारे १५ लिटर माती मावते व भिजल्यावर तिचे वजन २५ किलोग्रॅमच्या घरात जाते.

पाणी धरून ठेवणारे द्रव्य म्हणून काथ्याच्या भुशाला आपल्याकडे तोड नाही. नारळाच्या सोडणातून काथ्या काढताना हा भुसा निघतो. आलप्पुळा आणि पोल्लाची यांच्या परिसरात पूर्वी त्याचे डोंगर साचत, कारण लिग्निनचे प्रमाण अधिक असल्याने तो लवकर कुजत नाही. आज तो दाबलेल्या विटांच्या स्वरूपात कोकोपीट या नावाने देशभर विकला जातो. स्वतःच्या वजनाच्या सहा ते आठ पट पाणी तो शोषतो. त्याचे दोष मात्र जाहिरातीत सांगितले जात नाहीत. सोडणे खाऱ्या पाण्यात मुरवली असल्यास भुशात मीठ असते, आणि पालाश तर निसर्गतःच असते. हे क्षार कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची जागा अडवून बसतात. म्हणून विकत आणलेली वीट भिजवून, पिळून, पुन्हा स्वच्छ पाण्यात बुडवून निदान तीन वेळा धुवावी. दुसरा दोष असा, की भुसा वरून वाळलेला दिसतो तेव्हा आत चिंब ओला असतो. केवळ रंग पाहून पाणी घालणारा यात हमखास फसतो. मिश्रणात त्याचे प्रमाण पाव हिश्श्याहून अधिक नसावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुंबई किंवा कोचीसारख्या ठिकाणी त्याहूनही कमी.

शेणखत, पानखत व गांडूळखत या तिन्हींपैकी जे पूर्ण कुजलेले मिळेल ते घ्यावे. पूर्ण कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही. पावसानंतरच्या जमिनीचा येतो. हात घातल्यावर ते कोमट लागत असेल तर ते अजून तयार नाही. अर्धवट कुजलेले शेणखत मुळांना भाजते आणि त्यातून हुमणीच्या अळ्या कुंडीत येतात. या पांढऱ्या, वाकड्या, जाड अळ्या मुळे कुरतडतात, आणि कुंडी उपडी करीपर्यंत त्यांचा पत्ता लागत नाही. पानखत घरी करता येते. त्यासाठी वर्षभर धीर धरण्याची तयारी मात्र हवी.

मध्यम हवामानासाठी पुढील मिश्रण समाधानकारक ठरते: तांबडी किंवा पोयट्याची माती २ भाग, विटांचे चाळलेले तुकडे अथवा जाड वाळू १ भाग, कुजलेले सेंद्रिय खत १ भाग व धुतलेला काथ्याचा भुसा १ भाग. दर कुंडीस मूठभर निंबोळी पेंड घालावी. जेथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो अशा मुंबईसारख्या किनारी शहरांत भुसा वगळून विटांचे तुकडे दुप्पट करावेत. जयपूर किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात याच्या उलट, तुकडे कमी व भुसा तेवढाच ठेवावा. मिश्रण तयार झाल्यावर किंचित ओलसर करून मुठीत दाबावे. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारताच फुटला पाहिजे. कुंडीत भरल्यानंतर वरून एक तांब्या पाणी ओतावे. ते पृष्ठभागावर तुंबून न राहता पाहता पाहता मुरले पाहिजे. पाणी मिनिटभर तुंबत असेल, तर रोप लावण्याची घाई न करता मिश्रण पुन्हा मोकळे करावे.

मोठ्या फुलांच्या संकरित जातींबद्दल एक सूचना येथेच दिलेली बरी. त्यांची मुळे देशी तांबड्या जास्वंदीच्या मानाने नाजूक असतात, म्हणूनच रोपवाटिकांत त्यांचे कलम पुष्कळदा काटक जातीच्या खुंटावर करतात. स्वतःच्या मुळांवर वाढवलेल्या संकरित झाडास मिश्रण अधिकच मोकळे लागते.

पाणी, क्षार आणि पिवळी पाने

उत्तम मिश्रणही कालांतराने बिघडते. याचे मोठे कारण पाणी होय. मातीची आम्लता किंवा अल्कता ज्या मापाने मोजतात त्यास सामू म्हणतात. ७ हा मध्यबिंदू, त्याखाली आम्ल व त्यावर अल्कधर्मी. जास्वंदीला ६ ते ६.८ सामू मानवतो. राजस्थान, हरियाणा, गुजरात किंवा मराठवाड्यातील कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. असे पाणी रोज घालणे म्हणजे दररोज चिमूटभर चुना घालण्यासारखेच आहे. वर्षभरात सामू साडेसातच्या पुढे जातो. मातीत लोह भरपूर असले तरी ते आता अविद्राव्य होते व मुळांना घेता येत नाही. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. नत्राच्या अभावी येणारा पिवळेपणा याहून निराळा असतो; तो खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो व शिरांसकट संपूर्ण पान पिवळे करतो. हा भेद ज्याला ओळखता येतो त्याची अर्धी चिंता मिटते.

गंजलेले खिळे कुंडीत पुरण्याचा उपाय पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. त्याने काहीही साधत नाही, कारण प्रश्न लोहाच्या प्रमाणाचा नसून त्याच्या विद्राव्यतेचा आहे. फेरस सल्फेटही अल्कधर्मी मातीत थोड्याच काळात निरुपयोगी होते. अशा मातीत चिलेट स्वरूपातील लोह द्यावे लागते. त्यातही ई.डी.टी.ए. हा प्रकार आम्लधर्मी मातीतच टिकतो, सामू सातच्या वर गेला असेल तर ई.डी.डी.एच.ए. हा प्रकार उपयोगी पडतो. परंतु ही तात्पुरती मलमपट्टी आहे. पावसाचे पाणी साठवून ते वापरणे हा खरा इलाज होय. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते, तेही चालते. आर.ओ. यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र कुंडीत घालू नये. पाण्याची बचत करण्याच्या स्तुत्य हेतूने अनेक घरांत ते झाडांना घातले जाते. परंतु मूळ पाण्यातील क्षार त्यात अधिक दाट होऊन आलेले असतात. फरशी पुसण्यास ते वापरावे.

मातीच्या कुंडीच्या बाहेरील अंगावर पांढरी पुटे दिसू लागली, किंवा पानांच्या कडा करपू लागल्या, तर क्षार साचले आहेत असे समजावे. अशा वेळी कुंडीतील मातीच्या आकारमानाच्या दुप्पट, म्हणजे १५ लिटरच्या कुंडीस सुमारे ३० लिटर, गोडे पाणी हळूहळू ओतून तळातून वाहू द्यावे. पहिल्या मोठ्या पावसात निसर्ग हेच काम फुकट करतो. त्यासाठी कुंडीखालची बशी पावसाळाभर काढून ठेवली पाहिजे. साचलेल्या पाण्यात डास होतात हेही तिला हलवण्यास पुरेसे कारण आहे.

पाणी केव्हा घालावे, याचे उत्तर घड्याळ किंवा वार देऊ शकत नाही. बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. तेथे कोरडे लागले तर तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे, ओल असेल तर देऊ नये. मे महिन्यात नागपुरात हे दिवसातून दोनदा करावे लागेल. दिल्लीच्या जानेवारीत, जेव्हा रात्रीचे तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते आणि झाड जवळजवळ निद्रिस्त असते, तेव्हा आठवड्यातून एकदाही पुरते. कोरडे आणि चिंब अशा टोकांमध्ये माती झुलत राहिली की कळ्या गळतात. कळ्या फुलकिड्यांमुळेही गळतात, म्हणून एखादी गळलेली कळी चिरून आत पाहण्याची सवय लावून घ्यावी.

खत आणि मातीचे आयुष्य

जास्वंदीला नत्र व पालाश भरपूर लागते. स्फुरद मात्र बेताचेच. ही गोष्ट आपल्या प्रचलित सवयींच्या अगदी विरुद्ध आहे. फुले हवीत म्हणून हाडांचे चूर्ण आणि डी.ए.पी. सढळ हाताने घातले जाते. जमिनीत ते पसरते, कुंडीत साचते. स्फुरदाचा अतिरेक झाला की लोह व जस्त यांचे शोषण मंदावते, आणि पुन्हा तीच पिवळी पाने दिसू लागतात. लागवडीच्या वेळी मिसळलेले सेंद्रिय खत स्फुरदाची गरज भागवते. पुढे वाढीच्या दिवसांत दर पंधरवड्यास पालाशयुक्त विद्राव्य खताचे अगदी पातळ पाणी द्यावे, आणि तेही माती ओली असताना. लाकडाची राख पालाश देते खरी, पण ती अल्कधर्मी असल्यामुळे जड पाण्याच्या प्रदेशात तिला मज्जाव करावा. चहाचा चोथा घालावयाचा असेल तर दूध-साखर धुऊन टाकावी; नाहीतर मुंग्या येतात. मुंग्या स्वतः अपाय करीत नाहीत. परंतु त्या पिठ्या ढेकणांना जपतात, आणि जास्वंदीचा याहून मोठा वैरी नाही.

सेंद्रिय द्रव्य कुजत जाते तसतशी माती खाली बसते. दोन वर्षांत कुंडीची पातळी दोन-तीन बोटे उतरलेली दिसते. ही जागा केवळ वरून भरून काढू नये, कारण बसली आहे ती खालची माती, आणि हवा कमी झाली आहे तीही खालीच. दर दोन वर्षांनी झाड बाहेर काढून मातीचे नूतनीकरण करणे इष्ट. उत्तर भारतात थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये, दख्खनमध्ये त्याच्या थोडे आधी हे काम करावे. झाडाची छाटणी करून कुंडी आडवी पाडावी, कडेने थोपटून गोळा सोडवावा, बाहेरची एक तृतीयांश माती गुंतलेल्या मुळांसह धारदार सुरीने काढून टाकावी. निरोगी मुळे पांढरी किंवा फिकट पिवळसर व ताठ असतात. काळी, ओढताच साल निघणारी मुळे कापून टाकावीत. नव्या मिश्रणात झाड पूर्वीच्याच पातळीवर बसवावे. खोडाचा बुंधा मातीत गाडू नये. त्यानंतर आठवडाभर सावलीत ठेवावे व नवी फूट दिसेपर्यंत कोणतेही खत देऊ नये. कुंडी फार तर दोन-तीन इंचांनी मोठी घ्यावी. एकदम मोठ्या कुंडीत मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते आणि आंबते.

काढलेली जुनी माती फेकून देण्याची शहरांत रीत पडली आहे. हा अपव्यय आहे. शहरात पोत्यांतून विकली जाणारी तांबडी माती कोणत्या तरी टेकडीवरून किंवा शेतावरून खरवडलेली असते, आणि निसर्गाला बोटभर सुपीक थर तयार करण्यास शतके लागतात. जुन्या मातीतील मुळे चाळून काढावीत, ती किंचित ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे ठेवावी. या उष्णतेने बुरशी, सूत्रकृमी व तणांचे बी यांचा बव्हंशी नाश होतो. मग तिच्यात एक तृतीयांश नवे खत व विटांचे तुकडे मिसळले, की ती पुन्हा भरण्यास तयार होते. मुळांवर पांढरे पिठासारखे कीटक आढळले असतील तर मात्र ती माती जास्वंदीसाठी पुन्हा न वापरता झेंडूला द्यावी.